कोळशाला जागलेली रेल्वे: नॉरफोक अँड वेस्टर्नची वाफेची आणि डिझेल इंजिनं

रूळकरी

अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांचा विषय निघाला की गाडी हमखास युनियन पॅसिफिकच्या बिग बॉयपाशी जाऊन थांबते. बिग बॉय अवाढव्य आहे, वाद नाही. पण वाफेचं इंजिन शेवटपर्यंत समजून-उमजून वापरलं कुणी, असं विचाराल तर मी नॉरफोक अँड वेस्टर्नचं नाव घेईन.

ही काही देशभर पसरलेली रेल्वे नव्हे. व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदरापासून निघायचं, ॲपलाचियन डोंगर ओलांडून वेस्ट व्हर्जिनियात शिरायचं आणि पुढे ओहायो. मुख्य धंदा पोकाहॉन्टास भागातल्या दगडी कोळशाचा. मुख्यालय आणि कारखाना रोअनोकला. रेल्वे येण्याआधी हे 'बिग लिक' नावाचं खेडं होतं. १८८०च्या दशकात कारखाना उभा राहिला आणि गावाचं नावच बदललं.

इतर बहुतेक रेल्वे इंजिनं बाल्डविन, अल्को किंवा लिमा या कारखान्यांकडून घ्यायच्या. रोअनोकवाले स्वतः आराखडा काढायचे आणि स्वतःच्या कारखान्यात बांधायचे. त्यातले तीन वर्ग जगप्रसिद्ध झाले.

'जे' हे पॅसेंजर गाड्यांचं, ४-८-४ (म्हणजे पुढे ४ चाकं, मध्ये ओढणारी ८, मागे ४). १९४१ ते १९५० मध्ये १४ बांधली. काळा रंग, टस्कन लाल पट्टा, पुढे बंदुकीच्या गोळीसारखं नाक. चाकं ७० इंचांची. एक्स्प्रेस इंजिनाला ही लहानच म्हणायची, कारण बाकीचे ८० इंचांपर्यंत जात होते. पण डोंगरातल्या चढाला लहान चाक बरं, आणि लहान चाक जोरात फिरवायचं तर तोल अचूक लागतो. हलके रॉड आणि रोलर बेअरिंगच्या जोरावर त्यांनी ते साधलं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर चाचणीला नेलेल्या ६१० क्रमांकाच्या इंजिनाने ताशी ११० मैलांचा वेग गाठला.

'ए' हे वेगवान मालगाड्यांचं, २-६-६-४, एकूण ४३. सपाटीवर कोळशाच्या दहा हजार टनांहून जड गाड्या हे ओढायचं, आणि गरज पडली तर पॅसेंजर गाडीलाही लागायचं.

'वाय६' हे घाटातलं, २-८-८-२, खऱ्या अर्थाने मॅले. वाफ आधी मागच्या २५ इंची सिलिंडरांत काम करते, मग तीच वाफ पुढच्या ३९ इंची सिलिंडरांत जाते. म्हणजे एकाच वाफेकडून दोनदा काम. गाडी जागची हलवताना मात्र चारही सिलिंडरांना बॉयलरची ताजी वाफ द्यायची सोय होती. बाकी जगाने ही पद्धत 'संथ आणि किचकट' म्हणून सोडून दिली. रोअनोकने ती सुधारत नेली आणि शेवटचं वाय६बी १९५२ मध्ये बाहेर काढलं!

पण मला खरं अप्रूप वाटतं ते शेडचं. वंगणासाठी त्यांनी वेगळी इमारतच बांधली आणि तिला 'लुब्रिटोरियम' असं भारदस्त नाव दिलं. जे वर्गाच्या इंजिनात दोनशेच्या वर जागी यंत्राने किंवा दाबाने वंगण पोचायचं. कोळसा, पाणी, वाळू, राख काढणं, तपासणी, ग्रीस, सगळं ओळीने, आणि तासाभरात इंजिन पुन्हा कामाला हजर. वाफेचं इंजिन म्हणजे अर्धा दिवस शेडमध्ये, हा समज इथे लागू नाही. जे वर्गाची इंजिनं महिन्याला १५,००० मैल धावायची.

१९५२ मध्ये त्यांनी ए आणि वाय६बी वर्गाची इंजिनं जनरल मोटर्सच्या चार युनिटच्या एफ७ डिझेलसमोर उभी केली. तीच लाईन, तशाच गाड्या. निकाल जवळपास बरोबरीत सुटला, आणि कंपनी वाफेवरच राहिली. १९५३च्या डिसेंबरात रोअनोकने एस१ए वर्गाचं २४४ क्रमांकाचं शंटिंग इंजिन बांधलं. अमेरिकेतल्या रेल्वेसाठी बांधलेलं नेहमीच्या, म्हणजे पिस्टनच्या, पद्धतीचं ते शेवटचं वाफेचं इंजिन. तोवर बाकीच्या मोठ्या रेल्वे डिझेलवर गेल्या होत्या किंवा निघाल्या होत्या.

मग १९५५ मध्ये पहिली डिझेल आली, १९५८ मध्ये अध्यक्ष बदलले, आणि मे १९६० मध्ये विल्यमसनला शेवटच्या वाय६ची आग विझली.

प्रश्न असा, की हा हट्ट होता की हिशेब? माझं मत हिशेब. तुम्ही बोला.

मनमाड जंक्शन

वा रूळकरी, बऱ्याच दिवसांनी पोटभर धागा.

जे वर्गाचा फोटो पाहिला की आपलं डब्ल्यूपी, म्हणजे ब्रॉडगेजचं वाफेचं एक्स्प्रेस इंजिन, आठवतंच. तेच गोल टोकदार नाक, आपल्याकडे वर चांदणी. डब्ल्यूपीची पहिली तुकडीही १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविनकडूनच आली होती. लहानपणी मनमाडला प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून आम्ही ती बघायचो. घरी परतल्यावर डोळ्यांतली कोळशाची कणी काढायला आई पदराचं टोक पिळून घ्यायची.

पण साम्य नाकापुरतंच बरं का. डब्ल्यूपीची ओढ ३०,६०० पौंडांची, जे वर्गाची ८०,०००. डब्ल्यूपीचा बॉयलर २१० पौंड दाबाचा, त्यांचा ३०० चा. आपल्याकडे फायरमन फावड्याने कोळसा मारायचा. त्यांच्याकडे स्टोकरचा स्क्रू टेंडरमधून कोळसा आत ढकलायचा. एवढी मोठी जाळी माणसाच्या हाताने पेटती ठेवणं शक्यच नव्हतं.

हिशेबनीस

लेख उत्तम, पण निष्कर्ष अर्धाच पटला.

कोळसा हे त्यांचं गिऱ्हाईक होतं. आपल्याच गिऱ्हाइकाचा माल जाळायचा सोडून तेल जाळलं तर खाणमालक काय म्हणतील, हा विचार धंद्याच्या दृष्टीने बरोबर. शिवाय कोळसा लाईनीच्या कडेलाच निघतो, वाहतुकीचा खर्च जवळपास नाही. इथवर हिशेबच.

पण वाफेचं इंजिन एकट्या रोअनोकमध्ये बनत नव्हतं. फीडवॉटर हीटर, इंजेक्टर, सुपरहीटर, स्टोकर हे सुटे भाग बाहेरच्या कंपन्यांकडून यायचे. बाकी सगळ्या रेल्वे डिझेलवर गेल्यावर या कंपन्या एका गिऱ्हाइकासाठी किती दिवस ओतकाम चालू ठेवणार? भाग महागले, काही मिळेनासे झाले. वर मजुरी वाढत गेली. १९५२ मधली बरोबरी १९५७ मध्ये बरोबरी राहिली नव्हती. तोवर कागद पुढे सरकवत बसणं याला मी हट्ट म्हणेन.

रूळकरी

@हिशेबनीस, सुट्या भागांचा मुद्दा बिनतोड आहे. पण १९५२ मध्ये बरोबरीतलं इंजिन आपल्या घरी बनतंय, बांधणारे कारागीर आपले, इंधन दारात. अशा वेळी शेकडो डिझेल विकत घ्यायला पैसे कशाला ओतायचे? उलट थांबल्यामुळे दुसऱ्यांचे प्रयोग त्यांच्या पैशाने बघायला मिळाले. सुरुवातीच्या काळात ज्यांनी घाईने बाल्डविन आणि फेअरबँक्स-मोर्सची डिझेल घेतली, त्यांना ती लवकर बदलावी लागली. नॉरफोक अँड वेस्टर्नने मुख्यतः जनरल मोटर्सची जीपी९ आणि अल्कोची आरएस-११ घेतली, म्हणजे तावून-सुलाखून निघालेली.

हिशेबनीस

हे मान्य. पण मग १९५८ नंतरची घाई बघा. अध्यक्ष आर. एच. स्मिथ जाऊन स्टुअर्ट साँडर्स आले, पेशाने वकील. दोन वर्षांत सगळी वाफ बंद. १९५० आणि १९५२ मध्ये बांधलेली इंजिनं दहा वर्षंही न वापरता भंगारात. हेच साँडर्स पुढे पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर गेले आणि पेन सेंट्रलचं विलीनीकरण केलं. १९६८ मध्ये जन्मलेली ती कंपनी १९७० मध्ये दिवाळखोरीत. एवढं सांगून गप्प बसतो.

अल्कोप्रेमी

वाफवाल्यांचं झालं असेल तर आता जरा डिझेलकडे वळा 😄

या रेल्वेचं पहिलं डिझेल अल्कोचं होतं, आरएस-३. नंतर आरएस-११ आली, त्यात अल्कोचं २५१ जातीचं व्ही-१२ इंजिन. आता पुण्या-कल्याणच्या मंडळींनी कान टवकारा. आपल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेलच्या पोटात हेच २५१, फक्त १६ सिलिंडरांचं, २६०० अश्वशक्तीचं. घोरपडीच्या शेडबाहेर उभं राहून ज्यांनी तो ढग-ढग-ढग ठेका ऐकलाय, त्यांना आरएस-११ चा जुना व्हिडिओ लावून द्या. डोळे मिटूनही ओळखतील. नॉच वाढवला की टर्बो जागा होईपर्यंत काळ्या धुराचा लोट, हे खानदानी लक्षण दोन्हीकडे सारखं. नंतरचं सी-६३० पण १६ सिलिंडरांचं, म्हणजे आपल्या डब्ल्यूडीएम-२ चा ३००० अश्वशक्तीचा चुलतभाऊ. त्यातलं ११३५ क्रमांकाचं रोअनोकच्या संग्रहालयात ठेवलंय.

दुसरी गंमत म्हणजे उंच नाक. डिझेलमध्ये कॅबच्या एका बाजूला लांब हूड (यंत्रावरचं झाकण), दुसऱ्या बाजूला आखूड. १९६०च्या आसपास बाकी अमेरिकेने आखूड हूड कापून बुटकं केलं, म्हणजे ड्रायव्हरला समोरचं दिसेल. नॉरफोक अँड वेस्टर्न आणि सदर्न रेल्वे या दोघींनी मात्र आखूड हूड उंचच ठेवलं, थेट १९७०च्या दशकापर्यंत. वर लांब हूड ही 'पुढची' बाजू! कारण असं सांगतात, की फाटकावर ट्रक आडवा आला तर कॅबपुढे लोखंडाची भिंत असावी. वाफेच्या इंजिनावर आयुष्य काढलेल्या ड्रायव्हरला पुढे लांबलचक बॉयलर असायची सवय होतीच.

आपल्याकडे एलएचएफ-एसएचएफचा (लांब हूड पुढे की आखूड) वाद घालणारे शेडजवळ ढिगाने सापडतात. लांब हूड पुढे ठेवून डब्ल्यूडीएम-२ हाकणाऱ्या आपल्या लोको पायलटना हा त्रास समजावून सांगायची गरज नाही. सिग्नल हूडआड गेला तर असिस्टंटच्या तोंडाकडे बघायचं.

चिमणी

रूळकरी, जॉन हेन्री राहिलं की! तो तर या कथेतला सगळ्यात विचित्र प्राणी.

रूळकरी

मुद्दाम ठेवलं होतं :)

१९५४ मधलं २३०० क्रमांकाचं इंजिन. कोळशावर वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, टर्बाइनने वीज करायची आणि विजेवर चाकांच्या मोटर. थोडक्यात रुळांवरचं औष्णिक वीजकेंद्र. टेंडर धरून लांबी १६१ फूट. ६०० पौंड दाबाचा वॉटर-ट्यूब बॉयलर बॅबकॉक अँड विलकॉक्सचा, विजेचं काम वेस्टिंगहाऊसचं, बांधणी बाल्डविन-लिमा-हॅमिल्टनची. कोळशाचा साठा कॅबच्या पुढे. नाव दंतकथेतल्या त्या हातोडेवाल्याचं, जो वाफेच्या ड्रिलशी स्पर्धा जिंकतो आणि तिथेच प्राण सोडतो. आता डिझेलशी झुंजायला निघालेल्या इंजिनाला हे नाव ठेवणारा माणूस एक तर फार विनोदी असणार किंवा फार निराश.

ओढ जबरदस्त होती, कोळसाही वाय६पेक्षा कमी खायचं. पण कोळशाची पूड आणि पाणी विजेच्या मोटरमध्ये शिरायचं. लांबी इतकी की टर्नटेबलवर, म्हणजे इंजिन वळवायच्या फिरत्या पुलावर, मावायचं नाही. किंमत तर विचारूच नका, कारण एकच नग बांधला होता. १९५८च्या सुरुवातीला बाजूला काढलं, १९६१ मध्ये भंगारात. मागे काही उरलं नाही. नाही तर आज संग्रहालयात रांग लागली असती.

हिशेबनीस, हट्ट म्हणायचाच असेल तर याला म्हणा.

घाटमाथा

घाटाचा विषय निघाला म्हणून आमच्या बोरघाटाशी तुलना.

रोअनोकच्या पूर्वेला ब्लू रिजचा चढ आहे, सुमारे ८३ला १. बोरघाटाचा ३७ला १. कर्जतला बँकर लागतात तसे तिथेही मागून रेटणारे वाय६ लागायचे. फरक वजनाचा. चढ आमच्यापेक्षा निम्म्याहून कमी, पण गाडी कोळशाची आणि कैक पटींनी जड. माथ्यावर पोचलं की मागचं इंजिन सुटं होऊन खाली पुढच्या गाडीसाठी परत. कर्जतच्या माणसाला यातलं काही नवं नाही.

आणि ही वाफेची पुजारी रेल्वे विजेतही आपल्या आधी होती! ब्लूफील्डच्या पश्चिमेला एल्कहॉर्नच्या चढावर, बोगद्यात धुराने जीव गुदमरायचा म्हणून १९१५ मध्येच तारा टाकल्या. जीआयपीने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने) कल्याण-पुणे विजेवर आणलं ते १९२९ मध्ये. त्यांनी पुढे काय केलं बघा: १९५० मध्ये नवा, रुंद, कमी चढाचा बोगदा खणला आणि तारा काढून पुन्हा वाफ आणली. १९५० मध्ये वीज काढून वाफ!

शार्लट्सव्हिलकर

मी व्हर्जिनियातच असते, त्यामुळे थोडं डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते.

जे वर्गातलं एकच इंजिन वाचलंय, ६११. २०२३च्या शरद ऋतूत गोशेन ते स्टाँटन अशा सहली त्याने ओढल्या, तेव्हा नवऱ्याच्या आग्रहाने गेले. मला इंजिनांतलं काही कळत नाही, पण गोशेनला त्याच्या चाकाशेजारी उभी राहिले तर माझं डोकं चाकाच्या वरच्या कडेपर्यंतही पोचेना. रॉडवर बोटभर जाडीचा चकचकीत तेलाचा थर, खाली सिलिंडरच्या नळीतून फुसफुसणारं गरम पाणी, आणि एक गृहस्थ हातात चिंधी घेऊन नाकाचा काळा रंग पुसतायत, जसं काही पाहुणे यायचे आहेत. शिट्टी वाजली तेव्हा शेजारच्या आजोबांनी टोपी काढली. ते म्हणाले, त्यांचे वडील रोअनोकच्या कारखान्यात बॉयलरवर होते.

मग कुणी तरी सांगा, १४ मधलं नेमकं हेच का वाचलं?

रूळकरी

@शार्लट्सव्हिलकर, सुंदर लिहिलंत. उत्तर ऐकून गंमत वाटेल: अपघातामुळे.

जानेवारी १९५६ मध्ये 'पोकाहॉन्टास' गाडी ओढताना वेस्ट व्हर्जिनियात सीडरजवळ वळणावर वेग जास्त झाला आणि ६११ रुळांवरून उतरून टग नदीच्या काठी आडवं झालं. कारखान्यात नेऊन ते नीट दुरुस्त केलं. त्यामुळे १९५९ मध्ये वर्ग मोडीत काढताना त्यातल्या त्यात ठणठणीत हेच होतं. ते रोअनोकच्या संग्रहालयाला मिळालं. १९८२ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पुन्हा जिवंत केलं. तोवर कंपनीचं सदर्नशी मिळून नॉरफोक सदर्न झालं होतं आणि तिचे अध्यक्ष रॉबर्ट क्लेटर स्वतः हातमोजे चढवून ६११ चालवायचे. कंपनीचा अध्यक्ष रेग्युलेटर धरून बसलाय, हे आपल्याकडे बोर्डाच्या चेअरमनबाबत कल्पून बघा! १९९४ला सहली थांबल्या, २०१५ला पुन्हा सुरू झाल्या.

ए वर्गातलं एकमेव उरलेलं १२१८. त्याची कथा अजून वेगळी. युनियन कार्बाइडने ते वेस्ट व्हर्जिनियातल्या आपल्या रसायन कारखान्यात वाफ पुरवायला नुसता बॉयलर म्हणून घेतलं होतं. तिथून संग्राहकाकडे, मग रोअनोकला, आणि १९८७ ते १९९१ पुन्हा मुख्य लाईनीवर. वाय६ मधलं २१५६ सेंट लुईसच्या संग्रहालयाचं. २०१५ मध्ये ते उसनं आणून रोअनोकला तिन्ही एकत्र ठेवली होती.

चिमणी

ओ. विन्स्टन लिंकचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून मी घेते. न्यूयॉर्कचा जाहिरातींचा फोटोग्राफर. १९५५ ते १९६० या रेल्वेमागे फिरला, तेही बहुतेक रात्री. डझनावारी फ्लॅशबल्ब तारांनी जोडायचे, गाडी नेमक्या जागी आली की एका क्षणात सगळे पेटवायचे. चुकलं तर दुसरी गाडी येईपर्यंत बल्ब बदलत बसा. येगर गावातला तो फोटो आठवतोय का, समोर मोटारीत बसून सिनेमा बघणारं जोडपं, मागून धडधडत जाणारं ए वर्गाचं इंजिन, पडद्यावर विमान? फ्लॅशच्या उजेडात पडदा पांढरा फटक आला होता, विमान त्याने नंतर डार्करूममध्ये बसवलं. तरी तो फोटो मला खोटा वाटत नाही. त्याचं संग्रहालय रोअनोकच्या जुन्या स्टेशनातच आहे.

मनमाड जंक्शन

पुढच्या वर्षी मुलीकडे यायचं आहे. रोअनोकला किती वेळ ठेवू? आणि कारखाना बघता येतो का?

शार्लट्सव्हिलकर

काका, अख्खा दिवस ठेवा. परिवहन संग्रहालय आणि लिंकचं संग्रहालय दोन्ही गावाच्या मध्यात, चालत जाण्यासारखी. मधल्या वाटेवरून नॉरफोक सदर्नच्या चालू मालगाड्या दिसतात. कारखान्याचं मात्र विसरा. इंजिनांचं काम २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियात अल्टूनाला हलवलं.

अल्कोप्रेमी

काका, ११३५ बरोबर फोटो काढाच. शेजारची उंच नाकाची जीपी९ आणि जीपी३० पण सोडू नका, उंच नाकाची जीपी३० फक्त नॉरफोक अँड वेस्टर्न आणि सदर्न या दोन रेल्वेंनीच घेतली होती. एसडी४५ मधलं १७७६ पण आहे, देशाच्या द्विशताब्दीसाठी लाल-पांढरं-निळं रंगवलेलं.

घाटमाथा

आणि व्हर्जिनियन रेल्वेचं विजेचं १३५ पण तिथेच आहे ना? त्यावर कुणी तरी लिहा.

रूळकरी

आहे. थोडक्यात सांगतो, वेगळा धागा नंतर काढीन. व्हर्जिनियन ही शेजारची, कोळशातलीच प्रतिस्पर्धी. तिने १९५०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिककडून १२ नवी रेक्टिफायर इंजिनं (तारेतली एसी वीज डीसी करून वापरणारी) घेतली. डिसेंबर १९५९ मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्नने ती कंपनीच गिळली. दोन समांतर लाईनी हातात आल्यावर जड गाड्या ज्या दिशेला चढ कमी तिकडून सोडायला लागले. तारांखालून वाहतूक एकाच बाजूची उरली, म्हणजे इंजिनं परत आणायचा उद्योग. १९६२ मध्ये तारा बंद केल्या. इंजिनं न्यू हेवन रेल्वेने घेतली आणि ती पुढे कॉनरेल या रेल्वेच्या काळापर्यंत चालली. एल्कहॉर्न धरलं तर या रेल्वेने वीज दोनदा बंद केली, घाटमाथा, त्याचा हिशेब आता तुम्ही आणि हिशेबनीस मिळून लावा.